हौसाक्काचं कार्ड

मी एकदा शेळीच्या लेंड्या मायक्रोस्कोपखाली ठेवून एका बाईला खोटं ठरवलं होतं. तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते, सरकारी नोकरीत होते आणि आपलं डोकं ठिकाणावर आहे असा माझा समज होता. घरच्यांचा नव्हता, पण त्यांना कोण विचारतंय.

परवा माझी नात शाळेतून आली आणि दप्तर टाकता टाकता म्हणाली, "आज्जी, आज जंताची गोळी खाल्ली. बाईंनी तोंड उघडून बघितलं, खरंच खाल्ली का म्हणून." मी हसले आणि हसता हसता गप्प झाले. पोरीला वाटलं आजीला ठसका लागला. ती पाणी घेऊन आली. पाणी प्याले, पण हौसाक्का काही घशाखाली उतरली नाही. म्हणून लिहायला बसले.

निपाणीहून चिकोडीकडं जाताना आत वळल्यावर एक लहानसा सरकारी दवाखाना होता. तिथं मी लॅब टेक्निशियन. थुंकी, लघवी, रक्त, शौच, माणसाच्या अंगातून जे जे बाहेर येतं ते तपासणं हे माझं काम. लोक तोंडावर मला 'लॅबवाल्या बाई' म्हणायचे. पाठीमागं 'डबीवाली' म्हणतात, हे मला हौसाक्कानंच सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, करून दाखवलं. कंबरेवर हात, मान तिरकी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर घसरलेला (तिला चष्मा नव्हता, तरी तो मला दिसला) आणि आवाज माझाच, "ए फुडची, डबी कुठाय? झाकण कुठाय? नाव कोन तुझा बा लिव्हनार?" रांगेतल्या बायका पदरात तोंड घालून हसल्या. मला राग आला, आणि त्याहून वाईट म्हणजे नक्कल हुबेहूब होती.

आमच्याकडं तेव्हा एक तरुण डॉक्टर आलेले होते, धारवाडकडचे. मराठी तोडकंमोडकं, पण माणूस चिवट. तंबाखूच्या आणि उसाच्या रानात राबणाऱ्या बायका त्यांच्याकडं पांढऱ्याफटक होऊन यायच्या, दम लागतोय म्हणायच्या. रानातल्या ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरणारे जंत असतात, अंकुशकृमी. ते आतड्याला चिकटून रक्त पितात. आणि आमच्याकडं रानात पायताण घालून जायचं नाही ही रीत. बांधावर चप्पल काढायची, मातीला हात लावून कपाळाला लावायचा, मग आत पाय टाकायचा. जंतांची सोय आमच्या भक्तीनं केलेली.

डॉक्टरांनी पद्धत लावून दिली. आधी शौच तपासायचं. अंडी दिसली की गोळी द्यायची, ती घरी जेवून चावून खायची. तीन आठवड्यांनी परत तपासायचं, जंत मेले का बघायला. आणि तीन महिन्यांनी आणखी एकदा, परत शिरले का बघायला. दर बाईला एक निळं कार्ड, ते तिच्याजवळ. माझ्याजवळ एक जाडं रजिस्टर.

हौसाक्का त्या रांगेत पहिल्या दिवसापासून होती. पस्तिशीची असेल. काटकुळी, उंच, निपाणीत तंबाखूच्या वखारीत निवडायला जायची आणि हंगामात रानात. नवरा पुण्याकडं बांधकामावर होता, आजारी होऊन गावी आला आणि गेला. मूलबाळ नाही. दीर-जावेच्या घराला लागून एक खोली, एक शेळी आणि ती. वखारीत सबंध दिवस तंबाखूत बसायची पण तंबाखूचा वास तिला सहन व्हायचा नाही. दर चार वाक्यांना शिंकायची आणि शिंक आली की म्हणायची, "बगा, मालकानं आठवण काढली."

तिची एक खोड होती. समोर कुणी आलं की आधी पायांकडं बघायची. डॉक्टर आले तरी पाय, मंत्र्याचा माणूस आला तरी पाय. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "तोंड काय बगायचं बाई, ते समदी धुऊन येत्यात." तिची डबी मात्र रांगेत सगळ्यांत स्वच्छ. बाकीच्या काडेपेटीत आणायच्या, पानात बांधून आणायच्या, एकीनं तर नातवाच्या पावडरच्या डब्यातून आणलं. हौसाक्का चुन्याची डबी राखेनं घासून, उन्हात वाळवून, वर चिंधी गुंडाळून आणायची. दोन्ही हातांनी माझ्यापुढं ठेवायची, नैवेद्य ठेवावा तशी. आणि तारीख कधी चुकवायची नाही. वखारीतला अर्धा रोज बुडवून यायची.

तर झालं असं. पहिल्या तपासणीत तिच्या काचेवर अंडीच अंडी. गोळी दिली. तीन महिन्यांनी परत अंडीच अंडी. परत गोळी. आणखी तीन महिन्यांनी पुन्हा तेच. त्याच रानात राबणाऱ्या बाकीच्या बायकांनाही जंत परत होत होते, नाही असं नाही, पण सावकाश आणि थोडे. हिचे मात्र गोळी दिलीच नव्हती जणू, असे परत भरायचे. आमच्या भागात सरकारी जंताची गोळी शेळीला घालणं ही काही लपलेली गोष्ट नव्हती. फुकटची गोळी, बाई काय आज मरत नाही, शेळी मात्र रोडावली की नुकसान. माझ्या डोक्यात दिवा लागला. आता वाटतं, तो विझलेलाच बरा होता.

मी एका दुपारी तिच्या घरी गेले. निमित्त काय, तर कार्डावर सही राहिली. ती वखारीत गेलेली. दारात शेळी बांधलेली. अंगानं भरलेली, केस चकचकीत, रवंथ करत माझ्याकडं बघत होती. मी इकडंतिकडं बघितलं आणि पर्समधली रिकामी डबी काढून चार लेंड्या उचलल्या. सरकारी नोकर, बेचाळीस वर्षांची बाई, नेसूचं वॉयलचं पातळ सावरत शेळीच्या मागं उकिडवी बसलीय. जावेनं खिडकीतून बघितलं असणार. मी डबी पर्समध्ये टाकली आणि ताठ मानेनं निघाले.

दवाखान्यात येऊन मिठाच्या पाण्यात लेंडी कालवली, अंडी वर तरंगायची वाट बघितली, काच लावली. एकही अंडं नाही. शेळी निर्मळ. झालं, माझ्या दृष्टीनं निकाल लागला. गोळ्या बाईच्या पोटात गेल्या असत्या तर बाई निर्मळ असती. शेळी निर्मळ आहे, म्हणजे गोळ्या शेळीच्या पोटात. इतकं सरळ गणित मी शाळेत कधी सोडवलं नव्हतं.

पुढच्या तपासणीच्या दिवशी रांग भरलेली. हौसाक्कानं डबी पुढं ठेवली. मी ती हातात न घेता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हौसाक्का, गोळ्या कुठं जातात तुझ्या?"

"पोटात."

"कुणाच्या?"

ती माझ्या पायांकडं बघत होती. तिची जाऊ दोन बायका मागं उभी होती, ती पुढं सरकली.

"शेळीची तपासणी केलीय मी," मी म्हणाले. "तिच्यात एक जंत नाही. तुझ्यात दर तीन महिन्यांनी बाजार भरतो. खरं सांग, न्हायतर आत्ता रक्त काढते. तुझ्या रक्तात काय हाय आणि काय न्हाय, समदं बघते."

रक्तातल्या लाल पेशी मोजायच्या एवढंच माझ्या मनात होतं. पण हौसाक्कानं एकदम मान वर केली. पहिल्यांदा तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. मग जावेकडं. मग परत खाली.

"व्हय," ती म्हणाली. "शेळीला घातल्या."

"सगळ्या?"

"समद्या. रक्त कशाला काढताय, मी म्हंते की व्हय."

बायका हसल्या. जाऊ सगळ्यांत मोठ्यानं हसली, "आगं शेळी काय तुला पोसनार हाय?" मी तिचं कार्ड मागितलं. तिनं दिलं. मी लाल पेन काढलं.

"लिव्हती बरं का मी."

"लिव्हा की बाई," हौसाक्का म्हणाली, "कागदाला काय दुखतंय."

मी लिहिलं: 'औषध घेत नाही. शेळीस दिल्याचे स्वतः कबूल केले.' खाली रेघ मारली, दोनदा. सही केली. त्या दिवशी घरी जाऊन मी नवऱ्याला ही कथा रंगवून सांगितली. ते जेवता जेवता एवढंच म्हणाले, "शेळीच्या घरी चहा मिळाला का?"

त्यानंतर हौसाक्का रांगेत आली नाही. महिना गेला, सहा-सात गेले. मला वाटलं लाजली. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. चोर पकडल्यावर पोलिसाला वाटतं तसं.

मग एका सकाळी डॉक्टर लॅबमध्ये आले, दार लावून घेतलं आणि म्हणाले, "मेडम, रजिस्टर काढा. हौसाक्काचं पान."

मी काढलं. कौतुकानं लाल शेऱ्याची हकीकत सांगायला लागले. त्यांनी हात वर केला.

"हे वाचा. पहिली गोळी दिली. तीन आठवड्यांनी काय लिहिलंय?"

मी वाचलं. माझंच अक्षर. "अंडी नाहीत."

"दुसरी गोळी. तीन आठवड्यांनी?"

"अंडी नाहीत."

"तिसरी?"

तिथंही तेच. तिन्ही वेळा मीच काच बघितलेली, मीच लिहिलेलं. शेवटच्या रकान्यात भरघोस अंडी दिसली की मी मधला रकाना बघायचंच सोडून दिलं होतं.

"गोळ्या शेळीनं खाल्ल्या," डॉक्टर म्हणाले, "तर हिच्या पोटातले जंत कुणी मारले, मेडम?"

मी रजिस्टर जवळ ओढून तिन्ही ओळी परत वाचल्या.

मग त्यांनी सांगितलं. हौसाक्कानं त्यांना सांगायची परवानगी दिली होती, पण मलाच, आणि दार लावून. तिला एच.आय.व्ही. होता. नवरा गेला तेव्हाच मिरजेकडच्या एका दवाखान्यात कळलेलं. गावात कुणाला ठाऊक नाही, जावेला तर नाहीच. जावेला कळतं तर ती एक खोलीही राहिली नसती. मी रांगेत रक्त काढायची धमकी दिली तेव्हा तिच्यापुढं दोनच वाटा होत्या. शेळीला गोळ्या घालणारी लबाड बाई व्हायचं, किंवा ते दुसरं व्हायचं. तिनं लबाड व्हायचं ठरवलं. डोळ्याची पापणी लवायला लागतो तेवढ्या वेळात.

"आणि जंत?" मी विचारलं. म्हणजे बघा, तेव्हाही मला जंतच आधी आठवले.

डॉक्टर स्टुलावर बसले. "गोळी जंत मारते. तेवढंच तिचं काम. पुढच्या वेळी तेच जंत शिरायला लागले की त्यांना थोडं तरी अडवायचं, हे काम अंगाचं. बाकीच्या बायकांच्या रक्तात गोळीनंतर जंतांशी लढणाऱ्या त्या गुलाबी दाण्यांच्या पेशी वाढलेल्या तुम्हीच मला दाखवल्या होत्या. हा आजार त्या कामाच्या मुळावरच बसतो. अंग लढायचं कसं तेच विसरतं. म्हणून मारले तरी परत, मारले तरी परत. काही जंतांच्या बाबतीत असं दिसलेलं आहे. आपल्याकडच्या ह्या जंतांबद्दल शास्त्रज्ञांची दोन मतं आहेत. म्हणून मी छातीठोक सांगत नाही. पण हिनं गोळ्या खाल्ल्या, हे मी छातीठोक सांगतो."

आणि मग त्यांनी खरं ते सांगितलं, ज्यासाठी दार लावलं होतं.

त्या काळी ह्या आजाराच्या गोळ्या सगळ्यांना लगेच मिळत नसत. रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी फार खाली गेल्या की सुरू करायच्या. आणि एकदा सुरू केल्या की जन्मभर, एक दिवस न चुकता. चुकल्या तर औषधच लागू पडेनासं होतं. म्हणून आधी माणसाला समोर बसवून बघायचे, हा नेमानं घेईल का. हौसाक्का अंगानं खंगायला लागली तशी एकटी बस धरून बेळगावच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात गेली होती. पेशी पार खाली गेलेल्या. समुपदेशक बाईंनी विचारलं, तुम्ही आधी कुठलं औषध घेत होता, काही कागद आहे का? हौसाक्काला वाचता येत नव्हतं. तिच्याजवळ एकच कागद होता. आपण एकही तारीख चुकवली नाही ह्याचा पुरावा म्हणून तिनं पदराखालून निळं कार्ड काढलं आणि दोन्ही हातांनी पुढं केलं.

समुपदेशक बाईंचं काय चुकलं? कार्डावर सरकारी सहीनिशी लाल शेरा. त्या म्हणाल्या, अजून दोन-तीनदा येऊन बसा, आणि घरचं एखादं जबाबदार माणूस घेऊन या. हौसाक्काकडं घरचं माणूस म्हणजे जाऊ. ती परत गेलीच नाही. असे पाच महिने. आता डाव्या डोळ्यापुढं धूर आल्यासारखं होतंय म्हणून डॉक्टरांकडं आली होती.

"मी जाते तिच्याबरोबर," मी म्हणाले.

"मला वाटलंच," डॉक्टर म्हणाले, आणि पहिल्यांदा माझ्यावर चिडल्यासारखे दिसले. "रजिस्टर घेऊन जा."

बसमध्ये आम्ही दोघी एका बाकावर. तिच्या गालाची हाडं वर आलेली, नखं चमच्यासारखी खोलगट झालेली. संकेश्वर मागं पडलं. मग मी म्हणाले, "हौसाक्का, ती शेळी इतकी निर्मळ कशी गं?"

"जनावराचा डॉक्टर आलता, गावातल्या समद्या शेळ्यांला औषध पाजून गेला. तुमच्या आदी आट दिवस."

"मग सांगायचं न्हाईस?"

ती शिंकली. मालकाचं नाव घेतलं नाही. खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुमी मला इचारलं कुटं बाई? तुमी शेळीला इचारलं."

काकती मागं पडली, बेळगाव आलं.

समुपदेशक बाईंपुढं मी रजिस्टर उघडलं आणि सगळं सांगितलं. लेंड्यांसकट. त्या हसतील असं वाटलं होतं, हसल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी मधले तिन्ही रकाने बोट ठेवून वाचले. मी कार्ड पुढं ओढलं, लाल शेऱ्यावर काट मारायला लागले. त्या म्हणाल्या, "खाडाखोड नको. खाली नवीन लिहा, सही करा."

मी लिहिलं: 'रुग्णाने औषध नियमित घेतले आहे. वरील शेरा चुकीने लिहिला गेला.'

"काय लिव्हलं?" हौसाक्कानं विचारलं.

मी वाचून दाखवलं.

"चुकीनं म्हंजे? कुणाच्या?"

"माझ्या."

"मग नाव घाला की."

मी नाव घातलं. पूर्ण, नवऱ्याच्या नावासकट. लाल शेरा वर तसाच राहिला, माझं नाव खाली निळ्या शाईत. घरचं जबाबदार माणूस ह्या रकान्यातही माझंच नाव लागलं. तिनं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, जणू बाजारात टोपलीतलं शेवटचं उरलेलं वांगं घ्यावं लागतंय.

गोळ्या सुरू झाल्या. डोळ्यावरही इलाज झाला, पण डाव्या डोळ्यातला धूर गेला नाही. आतला पडदा खराब झाला होता, अंगात ताकद फार कमी असली की असा संसर्ग होतो. उजवा वाचला. मी डॉक्टरांना एकटं गाठून विचारलं, पाच महिने आधी सुरू झालं असतं तर? ते स्टेथोस्कोप गुंडाळायला लागले. "सांगता येत नाही, मेडम," म्हणाले. "संसर्ग झालाही नसता. झालाही असता." हे उत्तर मी आजतागायत रोज एका बाजूनं वाचते आणि रोज दुसऱ्या बाजूनं.

हौसाक्का मात्र उठली. वर्षभरात अंगावर मांस आलं, आवाज आला, नकला परत आल्या. माझी नवीन नक्कल तयार केली: रजिस्टर छातीशी धरून बेळगावच्या बाकावर बसलेली बाई. ती बघून मला हसू यायचं नाही आणि तिला ते ठाऊक होतं, म्हणून ती माझ्यापुढंच करायची.

नवऱ्याचे बांधकामावरचे रबरी बूट तिच्या खोलीत पडलेले होते. ते घालून ती एक दिवस रानात उतरली. तीन मापं मोठे, आत कापडाचे बोळे. रानाचे मालक आप्पा बांधावरून ओरडले, "हौसे, रानात पायताण? लक्ष्मी हाय ती."

"व्हय आप्पा," ती आतूनच म्हणाली, "तुमचा ट्रॅक्टर काल शेणातनं आला नि तसाच आत शिरला. त्यानं चाकं काढली हुती व्हय बांधावर?"

पुढच्या हंगामात त्यांच्या रानातल्या चार बायकांच्या पायात बूट होते, आणि आप्पांच्या सुनेच्याही.

तिची तपासणी मी करतच राहिले. गोळी घरी खा म्हटलं तरी ती मुद्दाम माझ्यापुढं चावायची आणि तोंड उघडून जीभ दाखवायची. "बगा, शेळी न्हाय आत." पेशी वर यायला लागल्या तशी अंडी तीन महिन्यांत परत यायची ती सहा महिन्यांत यायला लागली, आणि मोजकी. मी डॉक्टरांना विचारलं, हे त्या गोळ्यांनी का बुटांनी? "दोन्हींनी म्हणा," ते म्हणाले, "नाहीतर तुम्ही परत बूट तपासायला जाल."

हळूहळू तिनं बायका बेळगावला न्यायला सुरुवात केली. कुणाला कुठल्या गावात तसली शंका आहे हे तिला कसं कळायचं कुणास ठाऊक. ठरलेल्या वारी ती बसस्टँडवर उभी असायची, हातात पिशवी, बरोबर पदर पुढं ओढलेली एखादी बाई. गावात सांगायची, वखारीच्या मुकादमाकडं काम आहे. मी एकदा म्हणाले, "हौसाक्का, आता सांगून टाक की जावेला. किती वर्षं लपवनार?" तिनं माझ्या पायांकडं बघितलं. "तुमी कदी एका खोलीत ऱ्हायलाय का बाई?" म्हणाली. मी नाही म्हटलं. तिनं विषय बदलला.

मग डॉक्टरांची बदली झाली, पुढं मी निवृत्त झाले. दीर-जावेनं घर विकलं आणि हौसाक्का कुठं गेली ते मला कळलं नाही. कोण म्हणालं चिकोडीला, कोण म्हणालं बहिणीकडं. मी शोधलं का? नाही. शोधली असती तर तिला एक प्रश्न विचारावा लागला असता, आणि इतकी वर्षं तो मी विचारला नव्हता. दर तपासणीला ती समोर बसायची, उजवा डोळा माझ्याकडं, डावा तिसरीकडंच. मी डबीवर नाव लिहीत राहायचे.

त्यानंतर ती मला एकदाच दिसली, बऱ्याच वर्षांनी, बेळगावच्या बसस्टँडवर. माझा मुलगा बेळगावजवळ पिरनवाडीला राहतो, त्याच्याकडून परत निघाले होते. निपाणीच्या फलाटावर बाकावर हौसाक्का. केस पार पांढरे, अंगानं सुटलेली, पायात लहान पोरांसारखे पट्ट्यांचे बूट. शेजारी चाळिशीची एक बाई, डोळे सुजलेले, पिशवी मांडीवर घट्ट धरलेली. आज पहिल्यांदा गोळ्या घेऊन निघाली असणार, ते मी ओळखलं. हौसाक्कानं आधी माझे पाय बघितले.

"टाचा फुटल्यात बाई तुमच्या," म्हणाली. "बसा."

मी बसले. तिनं पिशवीतून चिरमुऱ्याचा पुडा काढला, तिघींच्या मधे धरला. माझी नात किती मोठी झाली, डॉक्टर कुठं असतात, निपाणीत वखारी किती उरल्या, असं बोलणं झालं. ती तशीच होती, दर चार वाक्यांना शिंक. मग बोलणं संपलं आणि बस काही येईना. मला वाटलं, आता विचारलं नाही तर कधीच नाही.

"हौसाक्का," मी म्हणाले, "तुझा डोळा माझ्यामुळं गेला का गं?"

तिनं उजवा डोळा माझ्याकडं वळवला. चिरमुऱ्याचा पुडा दुमडून पिशवीत ठेवला. मला काय ऐकायचं होतं ते मला पुरतं ठाऊक होतं: न्हाय बाई, तसं काय मनात आनू नगा. म्हातारपणी माणूस एवढ्याच खाऊची वाट बघत असतो.

ती शेजारच्या बाईकडं वळली, तिला हलक्या आवाजात काहीतरी विचारलं. बाईनं मान हलवली आणि पिशवीतून आपलं नवं कार्ड काढून दिलं. हौसाक्कानं ते माझ्या मांडीवर ठेवलं.

"हे वाचा," ती म्हणाली. "हिलाबी वाचता येत न्हाय. मोठ्यानं न्हाय, आमच्या दोघींच्या कानात. आनि लिव्हलंय तेवडंच वाचा बाई, तुमच्या मनाचं त्यात काय घालू नगा."